ऑर्किडचे बी कसे रुजले

ज्वारीचा दाणा असो, हरभरा असो, की आंब्याची कोय असो, प्रत्येक बियात निसर्गाने होऊ घातलेल्या रोपासाठी शिदोरी बांधून दिलेली असते. पहिले पान उघडून ते उन्हात अन्न तयार करू लागेपर्यंत रोप या शिदोरीवर जगते. आणि माणूस धान्य खातो तेव्हा तो वस्तुतः हीच शिदोरी पळवीत असतो. वनस्पतिसृष्टीतील एक फार मोठे कुल मात्र असे आहे की, त्याच्या बियांजवळ ही शिदोरीच नाही. ते कुल ऑर्किडचे. ऑर्किडचे पिकलेले बोंड उकलले म्हणजे त्यातून बी बाहेर पडते आहे असे वाटतच नाही. फिकट रंगाची धूळ उडते आहे असे वाटते. या बिया इतक्या हलक्या की, एका ग्रॅमात त्या लाखांनी मावतात. भिंगाखाली पाहिले, तर जाळीदार पातळ आवरणाच्या पोकळीत मोजक्या पेशींचा एक ठिपका दिसतो. त्याला ना दळ, ना मुळाचा कोंब, ना पोसणारा साठा. वाऱ्यावर दूरवर जाण्यासाठी ही रचना उत्तम आहे; परंतु जाऊन उतरल्यावर खायचे काय, याची तरतूद तीत नाही.

जिथे पोषणाची हमी नाही, तिथे संख्येवर भिस्त ठेवावी लागते. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडच्या परागीभवनावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या कुरणांत उगवणाऱ्या एका साध्या ऑर्किडच्या एका बोंडात सुमारे ६,२०० बिया असतात, असे त्यांनी मोजून काढले. एका झाडाला तीस बोंडे धरली, तर हा आकडा सुमारे १,८६,००० होतो. या साऱ्या बिया रुजून वाढल्या, तर त्या एका झाडाची पणतवंडे पृथ्वीवरील बहुतेक सगळी जमीन हिरव्या गालिच्याने झाकून टाकतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. तसे घडत नाही हे उघडच आहे. मग एवढ्या बियांचे होते काय? डार्विन यांच्यासारख्या निरीक्षकालाही हे कोडे उलगडले नाही. ते उलगडायला आणखी सदतीस वर्षे जावी लागली, आणि दरम्यान त्या अज्ञानाची किंमत जगातील कित्येक अरण्यांनी मोजली.

भारतात ऑर्किडच्या बाराशेंहून अधिक जाती आहेत. मराठीत या कुलातील वनस्पतींना आमरी म्हणतात. पावसाच्या तोंडाशी सह्याद्रीतील जुन्या झाडांच्या फांद्यांवरून ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडचे पांढरे-गुलाबी घोस लोंबू लागतात. आसामात हेच फूल ‘कोपौ फूल’ या नावाने ओळखले जाते आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. ऑर्किडच्या एका प्रसिद्ध प्रजातीचे ‘व्हँडा’ हे शास्त्रीय नाव तर ‘वंदा’ या संस्कृत शब्दावरूनच गेले आहे. झाडावर वाढणारे ऑर्किड म्हणजे बांडगूळ, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ऑर्किड फक्त फांदीवर बसते. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी मुंबई प्रांतातील ऑर्किडांवर लिहिलेला ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या भागातील आमरींची शास्त्रीय ओळख एकत्रित स्वरूपात उपलब्ध झाली. परंतु ही सारी ओळख वाढलेल्या झाडाची आणि फुललेल्या फुलाची होती. बियाची गोष्ट निराळी.

युरोपात तर ऑर्किडला बी असते की नाही, इथपासूनच संभ्रम होता. सोळाव्या शतकातील जर्मन वनस्पतिवेत्ते हिएरोनिमुस बॉक यांनी, ही झाडे पशुपक्ष्यांचे रेत जमिनीवर पडून त्यातून उगवतात, असे गंभीरपणे लिहून ठेवले आहे. ही केवळ भाकडकथा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्या वस्तूला बी म्हणून ओळखणेच कठीण, आणि जी पेरून काहीच उगवत नाही, तिच्याविषयी त्या काळच्या विद्वानाने दुसरे काय म्हणावे, हाही प्रश्न आहेच.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांना ऑर्किडचे वेड लागले. काचेची उष्णगृहे बांधली गेली, कोळसा जाळून त्यांत उष्ण कटिबंधाची हवा निर्माण करण्यात आली आणि त्यांत ठेवण्यासाठी दक्षिण अमेरिका, ब्रह्मदेश, हिमालय आणि मलाया येथील अरण्यांतून ऑर्किडे आणली जाऊ लागली. बियापासून ती करता येत नव्हती, म्हणून प्रत्येक झाड कोठल्या तरी रानातून उपटूनच आणावे लागे. या व्यापाराचे स्वरूप एका भारतीय उदाहरणावरून चांगले कळते. खासी टेकड्यांतील ओकच्या झाडांवर निळ्या फुलांचे एक अप्रतिम व्हँडा वाढते. विल्यम ग्रिफिथ यांना ते १८३७ साली आढळले. १८५० साली जोसेफ हूकर तेथे गेले आणि त्यांनी क्यू येथील राजोद्यानासाठी सात हमालांचे ओझे भरेल इतकी झाडे गोळा केली. त्यांतील फारच थोडी जिवंत पोहोचली. त्यांच्याबरोबर जागा पाहण्यासाठी एका गृहस्थाने आपला माळी पाठवला होता. त्या गृहस्थाने एका हमालाचे ओझे इंग्लंडला धाडले, ते वाईट अवस्थेत पोहोचले, आणि तरीही ते ३०० पौंडांना विकले गेले. एकेका झाडाला तीन ते दहा पौंड मिळाले. हे सर्व हूकर यांनी स्वतःच आपल्या ‘हिमालयन जर्नल्स’ या ग्रंथात नमूद केले आहे. अशी किंमत एकदा छापून आल्यावर त्या टेकड्यांकडे आणखी किती जणांचे डोळे लागले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

दक्षिण अमेरिकेत याहून मोठ्या प्रमाणावर हा उद्योग चालला. ॲल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्याने १८९१ साली आपल्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोलंबियातील एका मोहिमेत दोन महिन्यांत सुमारे दहा हजार ऑर्किडे हाती आली आणि त्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडावी लागली, असे तो सांगतो. या सांगण्यात खंत नाही. एखाद्या ठेकेदाराने कामाचा अहवाल द्यावा तशी ती हकीकत आहे. ऑर्किड उंच फांदीवर असते, फांदीवर चढण्यापेक्षा झाड पाडणे सोपे असते, एवढाच त्यामागचा विचार.

बियापासून रोपे करण्याचे प्रयत्न मात्र या धामधुमीतही चालू होते, आणि ते करणारे बहुतेक जण बागेत हात मळवणारे लोक होते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड सॉल्झबरी यांनी १८०२ साली ऑर्किडचे बी रुजताना पाहिल्याचे लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडले होते. १८४९ साली डब्लिनजवळील ग्लासनेव्हिन उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांनी ऑर्किडची रोपे वाढवल्याचे जाहीर केले. त्यांची युक्ती साधी होती. ज्या कुंड्यांत मोठी ऑर्किडे वाढत होती, त्यांच्याच पृष्ठभागावर त्यांनी बी शिंपडले. ही युक्ती का लागू पडते हे त्यांना ठाऊक नव्हते, पण ती लागू पडते एवढे दिसत होते.

पुढचे पाऊल एक्झेटर या गावी पडले. तेथे व्हिच घराण्याची मोठी रोपवाटिका होती. खासी टेकड्यांतून टॉमस लॉब यांनी पाठवलेले निळे व्हँडा १८५० च्या डिसेंबरात याच रोपवाटिकेत फुलले होते. तेथील प्रमुख माळी जॉन डॉमिनी. गावातील एक शल्यचिकित्सक डॉ. जॉन हॅरिस यांनी डॉमिनी यांना ऑर्किडच्या फुलातील परागपिंड कोठे असतात आणि ते दुसऱ्या फुलावर कसे ठेवावेत हे दाखवले. या धंद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना वनस्पतींची आवड होती एवढेच. डॉमिनी यांनी कॅलॅन्थी या प्रजातीतील दोन जातींचा संकर केला, बी पेरले, आणि १८५६ च्या ऑक्टोबरात माणसाने निर्माण केलेले पहिले संकरित ऑर्किड फुलले. त्याच्या दोन्ही मातापित्यांच्या जाती भारतातही आढळतात. त्या काळचे ऑर्किडशास्त्राचे अग्रणी जॉन लिंडले यांना हे फूल दाखवले, तेव्हा अशाने वनस्पतिशास्त्रज्ञ वेडे होतील, असे ते म्हणाल्याचे सांगतात. डॉ. हॅरिस यांचे नाव पुढे १८६९ साली फुललेल्या एका संकरित ऑर्किडला देण्यात आले.

तथापि डॉमिनी यांचे यश हे लॉटरीच्या तिकिटासारखे होते. हजारो बिया पेराव्यात, त्यांतील पाच-दहा रुजाव्यात, त्यांतलेही एखादे रोप फुलापर्यंत पोहोचावे. कॅटलियासारख्या जाती फुलायला पाच-सात वर्षे सहज लागत. कोणी बी लाकडाच्या भुशावर पेरले, कोणी शेवाळावर, कोणी नेच्याच्या मुळांवर. प्रत्येक माळ्याची स्वतःची कृती असे आणि ती तो प्राणपणाने जपत असे. ज्यांना कधी यश मिळे, त्यांनाही ते का मिळाले हे सांगता येत नसे.

या अंधारात सर्वांत सुंदर यश मिळवले ते सिंगापूरच्या एका घरगुती बागेने. ॲग्नेस जोआकिम ही तेथे स्थायिक झालेल्या आर्मेनियन कुटुंबातील स्त्री. तिने आपल्या बागेत दोन व्हँडांचा संकर केला. त्यांपैकी एक मलायातले, तर दुसरे, व्हँडा टेरेस, आसाम-बंगालपासून ब्रह्मदेशापर्यंत आढळणारे. १८९३ साली सिंगापूर वनस्पति-उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी त्या फुलाचे वर्णन लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या पत्रात प्रसिद्ध केले आणि हा संकर मिस जोआकिम यांनीच केल्याचे स्पष्ट लिहिले. पुढे विसाव्या शतकात मात्र, हे फूल तिला बागेतील बांबूच्या बेटात आपोआप उगवलेले सापडले, असे सांगण्याची टूम निघाली. एका गृहिणीने एवढे कौशल्याचे काम केले असेल, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भुंग्याला श्रेय देणे काहींना सोपे वाटले असावे. १९८१ साली या फुलाला सिंगापूरचे राष्ट्रीय पुष्प म्हणून मान मिळाला. पण संकराचे श्रेय अधिकृतपणे तिच्या पदरात पडायला २०१६ साल उजाडावे लागले. ती स्वतः १८९९ च्या जुलैत निवर्तली होती.

त्याच १८९९ सालच्या मे महिन्यात, तिच्या मृत्यूच्या दोन महिने आधी, फ्रान्समध्ये एका तरुणाला डार्विन यांच्या प्रश्नाचे उत्तर पाचोळ्याखाली सापडले. त्याचे नाव नोएल बेर्नार. वय पंचवीस. पॅरिसच्या नामांकित ‘एकोल नॉर्माल’ या संस्थेत त्याचे शिक्षण झाले होते आणि त्या वेळी तो मलाँ येथे सक्तीची लष्करी सेवा करीत होता. ३ मे रोजी फाँतेनब्लोच्या अरण्यात फिरत असताना त्याला एका विलक्षण ऑर्किडचा आदल्या वर्षीचा वाळलेला दांडा दिसला. या ऑर्किडला हिरवा रंगच नसतो. त्याची मुळे पक्ष्याच्या घरट्यासारखी गुंतलेली असतात, म्हणून त्याला पक्षिनीडाचेच नाव मिळाले आहे. हा दांडा वाकून जमिनीला टेकला होता आणि पाने पडून त्याखाली झाकला गेला होता. त्याच्यावरची बोंडे उकलली नव्हती. बिया आतच राहिल्या होत्या आणि आतल्या आत रुजल्या होत्या. नुकत्या फुगलेल्या बियांपासून चांगल्या वाढलेल्या रोपांपर्यंत सगळ्या अवस्था एकाच ठिकाणी हाती आल्या. इतर कोणी तो दांडा पायाने दूर सारला असता. बेर्नारने ती रोपे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा प्रत्येक रुजलेल्या बियात त्याला एका बुरशीचे तंतू आढळले. बुरशी नाही असे रुजलेले बी त्याला एकही मिळाले नाही. १५ मे रोजी, म्हणजे अवघ्या बारा दिवसांत, त्याचे टिपण पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढे वाचले गेले.

बुरशी म्हटली की कुजणे आणि नासणे हीच कल्पना मनात येते. ऑर्किडच्या मुळांत बुरशी असते हे पूर्वीच्या शास्त्रज्ञांनाही माहीत होते. पण ती तेथे आगंतुक असावी, असा समज होता. बेर्नार यांनी दाखवून दिले की, शिदोरीवाचून निघालेल्या या बियाला ही बुरशीच जेवू घालते. बियाच्या एका टोकातून तिचे तंतू आत शिरतात, पेशींत त्यांची वेटोळी होतात, आणि आतल्या पेशी ती वेटोळी हळूहळू पचवून टाकतात. रानातल्या कुजक्या पाल्यातून आणि सालींतून बुरशीने मिळवलेले अन्न अशा रीतीने बियाला मिळते. हा स्नेह मात्र निर्धोक नाही. बुरशी प्रबळ झाली तर ती बियालाच खाऊन टाकते. बी प्रबळ झाले आणि त्याने बुरशीला लवकर संपवले, तर वाढ तेथेच खुंटते. दोघांची बरोबरी राहिली तरच रोप होते. हे सहजीवन रोगाच्या सीमारेषेवरचे आहे, असे बेर्नार यांचे मत होते. डार्विन यांच्या लक्षावधी बियांचे काय होते, ते आता स्पष्ट झाले. त्या नको तेथे पडत नसत. त्यांना हवी ती सोबत मिळत नसे. मूर यांनी मोठ्या ऑर्किडच्या कुंडीत बी पेरले तेव्हा ते का रुजले, हेही कळले. त्या कुंडीत बुरशी आधीपासूनच नांदत होती.

१९०३ च्या सुमारास बेर्नार यांनी ही बुरशी वेगळी काढून परीक्षानळीत वाढवली आणि तिच्या सोबतीने ऑर्किडचे बी मुद्दाम रुजवून दाखवले. त्यांच्या सगळ्याच कल्पना टिकल्या असे नाही. बटाट्याला कंद धरतो तोही बुरशीमुळेच, असे त्यांचे मत होते, ते पुढे मान्य झाले नाही. पण त्यांच्या एका प्रयोगाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ऑर्किडच्या वाळलेल्या कंदांची पूड, जी आपल्या बाजारात सालममिश्री म्हणून मिळते, तिच्या दाट द्रावणात काही बिया बुरशीवाचूनही रुजू लागल्या. पुढे जे घडले त्याचे बीज या निरीक्षणात होते. ते जोपासायला बेर्नार यांना आयुष्य पुरले नाही. पुआतिए येथे प्राध्यापक झाल्यावर थोड्याच वर्षांत क्षयाने त्यांना गाठले आणि २६ जानेवारी १९११ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

जर्मनीत हान्स बुर्गेफ यांनी याच विषयावर १९०९ साली मोठा प्रबंध लिहिला. इंग्लंडमध्ये चार्ल्सवर्थ यांच्या रोपवाटिकेने जॉन रॅम्सबॉटम या कवकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने बुरशीची पद्धत धंद्यात आणली. आता रोपे हजारांनी होऊ लागली. पण ती कला प्रयोगशाळा बाळगणाऱ्या धनवंत रोपवाटिकांपुरतीच राहिली. योग्य बुरशी ओळखायची, वेगळी करायची, जिवंत ठेवायची, हे काम एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला घरी करता येण्याजोगे नव्हते.

ते शक्य करून दाखवले अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लुइस नडसन यांनी. ते ऑर्किडचे तज्ज्ञ नव्हते. हिरव्या वनस्पतींना साखर दिली तर काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आणि कदाचित् म्हणूनच त्यांना ती गोष्ट दिसली, जी ऑर्किडच्या जाणकारांना दिसली नव्हती. बेर्नार यांच्या सालममिश्रीच्या प्रयोगाचा त्यांनी वेगळा अर्थ लावला. बुरशी बियाला काही गूढ चेतना देत नसून पाल्यातील पिष्टादी पदार्थ पचवून साधी साखर तयार करते आणि तीच बियाला लागते, असे असेल तर बियाला सरळ साखरच का देऊ नये? त्यांनी क्षारांच्या पातळ द्रावणात साखर घातली, ते समुद्रशेवाळापासून काढलेल्या आगरने घट्ट केले, निर्जंतुक केले, त्यावर निर्जंतुक बी पेरले. आणि बुरशीच्या एकाही तंतूवाचून बी रुजले. हा शोध प्रथम १९२१ साली स्पॅनिश भाषेत आणि नंतर १९२२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

त्याला विरोधही कडाडून झाला. बुरशीवाचून वाढलेली ही रोपे दुबळी असतील, त्यांना फुले येणार नाहीत, असे बुरशीच्या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणू लागले. या आक्षेपांत तत्त्वनिष्ठा किती आणि धंद्याची काळजी किती, हे ठरवणे अवघड आहे. नडसन यांनी वादविवादात फारसा वेळ दवडला नाही. त्यांनी एक रोप बंद निर्जंतुक पात्रातच वाढवत ठेवले आणि त्याला फूल आणून दाखवले. तो वृत्तान्त १९३० साली प्रसिद्ध झाला. १९४६ साली त्यांनी सुधारलेले द्रावण जाहीर केले. त्यात कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, अमोनियम, लोह आणि मँगनीज यांचे चिमूटभर क्षार, आणि एका लिटरला वीस ग्रॅम साधी साखर असते. एवढ्यासाठी शंभर वर्षे अरण्ये लुटली जात होती.

येथून ऑर्किडचे बी घरात आले. नडसन यांची कृती कोणालाही वाचता येत होती आणि तिचे साहित्य औषधाच्या दुकानात व स्वयंपाकघरात मिळत होते. त्यामुळे उद्यानविद्येचे शिक्षण नसलेली माणसे बी पेरू लागली. आगर म्हणजे खीर-हलव्यासाठी वापरला जाणारा चायना ग्रासच. द्रावण बाटल्यांत भरून त्या प्रेशर कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवल्या की निर्जंतुक होतात. बी धुण्यासाठी ब्लीचिंग पावडरचे निवळलेले पाणी पुरते. बाटलीचे तोंड उघडून बी आत सोडण्याचा क्षण मात्र फार नाजूक असतो. हवेत तरंगणारा बुरशीचा एक कण आत गेला, तर साखरेवर तीही आनंदाने वाढते आणि आठवड्याभरात बाटली करड्या लवेने भरून जाते. म्हणून हौशी लोक उकळत्या पाण्याच्या वाफेत हात धरून किंवा काचेच्या पेटीत हात घालून हे काम करतात. रानात ज्या बुरशीवाचून बियाचे चालत नाही, ती बाटलीत त्याची सर्वांत मोठी वैरीण ठरते, हे या विद्येतले एक मोठे वैचित्र्य होय. पुढे एक सोपा मार्ग निघाला. बोंड पिकून उकलण्यापूर्वीच, हिरवे असतानाच काढायचे. त्याच्या आतील बी मुळातच निर्जंतुक असते. तेव्हा बाहेरची साल तेवढी स्वच्छ करून ते धारदार पात्याने चिरले की काम भागते.

त्यानंतर धीराची परीक्षा असते. काही आठवडे काहीच दिसत नाही. मग आगरवर पांढुरके ठिपके फुगू लागतात आणि हिरवे होतात. या गोळ्याला ना मूळ असते ना पान. बेर्नार यांनी त्याला ‘प्रोटोकॉर्म’ हे नाव दिले. मराठीत त्याला आद्यकंद म्हणता येईल. त्याला पहिले पान फुटते, नंतर मूळ. गर्दी झाली की रोपे दुसऱ्या बाटलीत पातळ करून लावावी लागतात. काही जण द्रावणात शहाळ्याचे पाणी किंवा कुस्करलेले केळेही घालतात आणि त्याचा गुण येतो. सुमारे वर्षभराने रोपे बाटलीबाहेर काढून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावतात. फूल यायला आणखी कित्येक वर्षे. आणि एका बोंडातील दोन रोपे सारखी नसतात. भावंडांप्रमाणे प्रत्येकाचा रंग, ठेवण, उंची वेगळी. बाजारातून आणलेल्या झाडाचे फूल कसे असेल ते आधीच ठाऊक असते; बियापासून वाढवलेल्या झाडाची पहिली कळी उमलेपर्यंत ते जगात कोणालाच ठाऊक नसते. या कुतूहलापोटी माणसे सात-सात वर्षे बाटल्या सांभाळतात.

मिस जोआकिम यांच्या सिंगापुरात या विद्येला विशेष बहर आला. तेथील वनस्पति-उद्यानाचे एरिक होल्टम यांनी १९२८ साली नडसन यांची पद्धत सुरू केली आणि ती उद्यानाच्या भिंतींत कोंडून ठेवली नाही. त्याच वर्षी त्यांनी जॉन लेकॉक आणि एमिल गॅलिस्तान या हौशी उद्यानप्रेमींबरोबर ऑर्किडप्रेमींची एक संस्था स्थापन केली. पुढे १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या अग्रातील सूक्ष्म तुकड्यापासून एकाच झाडाच्या असंख्य प्रतिकृती करण्याचा मार्ग दाखवला आणि ऑर्किड फुलवाल्याच्या दुकानात पोहोचले. आज मुंबई-पुण्यात लग्नमंडपांना जांभळी ऑर्किडे बांधलेली दिसतात, ती याच बाटल्यांची संतती. स्वस्त झाल्यामुळे त्यांचा दिमाख उतरला, असे म्हणणारे रसिक आहेत. कोलंबियातील त्या चार हजार झाडांचा विचार केला, म्हणजे तो दिमाख उतरला हेच बरे झाले, असे वाटते.

बुरशीचे काम मात्र संपलेले नाही. बाटलीत साखरेवर वाढलेले रोप कुंडीत सुखाने राहते. त्याला रानात परत पाठवून तेथे त्याची पुढची पिढी रुजावी अशी इच्छा असेल, तर बेर्नार यांच्याकडेच परत जावे लागते, कारण रानात साखर कोणी घालत नाही. इंग्लंडमध्ये ‘लेडीज स्लिपर’ हे ऑर्किड खणून नेणाऱ्यांच्या हव्यासामुळे नामशेष झाले, असे मानले जात होते. १९३० साली यॉर्कशरमध्ये त्याचे एकच झाड सापडले आणि त्याची जागा कित्येक दशके गुप्त ठेवण्यात आली. क्यू येथील प्रयोगशाळेत त्याच्या बियांपासून रोपे करण्यात आली आणि रानात लावलेल्या रोपांपैकी पहिले २००० साली फुलले. हूकर यांनी ज्या उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरली, तेच हे उद्यान. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली ऑर्किडांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. खासी टेकड्यांतील निळ्या व्हँडाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले असून ते रानातून काढणे हा गुन्हा आहे.

आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेला आणि १९७५ साली अमलात आलेला वन्य जीवजातींच्या व्यापारासंबंधीचा करार सगळ्या ऑर्किडांना लागू आहे. एका देशातून दुसऱ्या देशात ऑर्किड न्यायचे, तर परवाना लागतो. या नियमाला जे थोडे अपवाद ठेवले आहेत, त्यांत एक आहे बाटलीतल्या रोपांचा. निर्जंतुक पात्रात, पोषक द्रावणावर वाढलेली ऑर्किडची रोपे सामान्यतः परवान्यावाचून सीमेपार जाऊ शकतात, कारण ती रानातून आलेली नाहीत हे पात्र पाहूनच कळते. सवलत बूच लागलेले असेपर्यंतच असते. बाटली उघडून रोप बाहेर काढले, की त्याला पुन्हा इतर ऑर्किडांचेच नियम लागू होतात.